सोबतीचा डबा

केरोंडे बंदरात लाल मातीला कुणी माती म्हणत नाही, माल म्हणतात. डोंगर फोडून काढलेला लोखंडी दगडाचा हा चुरा ट्रकांनी येतो, धक्क्यावर त्याचे ढीग लागतात आणि तिथून तो जहाजाच्या पोटात जातो. गावातल्या तुळशीपासून दोरीवरच्या चादरीपर्यंत सगळ्यांवर त्याचं पूट असतं. बाहेरगावची सून नव्यानं आली की महिनाभर कपडे दोन-दोनदा धुते, मग हात टेकते आणि लाल रंगाच्या चादरी विकत आणते.

हर्षदा गिरपला हा त्रास कधी झाला नाही, कारण ती जन्मली याच गावात आणि दिलीही याच गावात. बंदराच्या प्रयोगशाळेत मालाचे नमुने तपासण्याची नोकरी आधी तिच्या वडिलांची होती. ते गेल्यावर ती परीक्षा देऊन त्याच खुर्चीवर बसली. काम तसं एकच होतं. मालात पाणी किती आहे ते मोजायचं आणि जहाज सुटू द्यायचं की नाही त्या कागदावर सही करायची.

मालातल्या पाण्याला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. ओला चुरा हा मोठा लबाड पदार्थ आहे. तो धड घन नाही, धड द्रव नाही. त्याचा ढीग घातला तर डोंगरासारखा उभा राहतो, त्याच्यावर माणूस चढतो, ट्रकही चढतो. तो उभा राहतो, कारण एका कणानं दुसऱ्याला टेकू दिलेला असतो आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला. पण सगळे कण सारखा भार वाहत नाहीत. आत भाराच्या साखळ्या असतात. साखळीतले मोजके कण जिवाच्या आकांतानं वजन पेलत असतात आणि त्यांना खेटून बसलेले बाकीचे कण अगदी निवांत असतात. कुठल्याही कचेरीत हेच दृश्य दिसतं.

आता हा ढीग जहाजात भरा आणि पाच-सहा दिवस समुद्रावर हलवा. कण हळूहळू खाली बसतात, त्यांच्यामधली पोकळी आवळते आणि तिथलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. वाट मिळाली नाही की ते कणांनाच एकमेकांपासून दूर लोटतं. टेकू सुटतात. सकाळी ज्याच्यावर माणूस बूट घालून चालत होता, त्याची दुपारी नाचणीची आंबील झालेली असते. अशी चाळीस हजार टन आंबील जहाजाच्या पोटात एका बाजूला धावली की परत यायचं नाव घेत नाही. जहाज कलतं आणि कलतच राहतं.

म्हणून पूर्वी डबा आपटायचे. डब्यात अर्ध्यापर्यंत माल घ्यायचा, फरशीवर पंचवीस वेळा आपटायचा आणि वर पाणी चमकलं तर जहाज थांबवायचं. हर्षदाच्या वडिलांनी याला आपल्या पदरची एक रीत जोडली होती. जहाज सुटलं की त्याच मालाचा एक डबा ते प्रयोगशाळेतल्या फळीवर ठेवत, वर जहाजाच्या नावाची चिठ्ठी, चिठ्ठीचं तोंड दाराकडे. जहाज पोचल्याची खबर आली की मगच तो डबा रिकामा करायचा. याला ते सोबतीचा डबा म्हणत. नियमात तो कुठंच नव्हता. हर्षदानं ती रीत मोडली नाही, कारण मोडायला काही कारण नव्हतं.

मग कणबंध आला. पुण्याच्या डॉ. सौमित्र पाळंदे यांनी तो शोधला. शोध असा की मालात उभ्या सळया रोवायच्या आणि त्या सळयांनी सतत बारीक गुणगुणायचं. त्या गुणगुणण्यानं कण केसाच्या जाडीइतकेही हलत नाहीत, पण जेवढे हलतात तेवढ्यात एकमेकांत चपखल बसतात. जहाजाचा धक्का ज्या बाजूनं येईल त्या बाजूला ते नवी साखळी बांधतात. पाणी असलं तरी टेकू सुटत नाहीत, उलट दर धक्क्यानं साखळी आणखी आवळते. पाळंद्यांनी पहिल्या दिवशी धक्क्यावर एका पिंपातला पचपचीत माल सळई लावून उलटा केला आणि तो खरवसाच्या वडीसारखा पिंपाच्या आकारात उभा राहिला. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदानंही वाजवल्या.

त्यानंतर सगळंच बदललं. जून ते सप्टेंबर बंद असणारं बंदर बारमाही झालं. मालातल्या पाण्याची मर्यादा आठ टक्क्यांवरून तेरावर गेली. डबा आपटणं नियमातून निघालं. पाळंद्यांनी प्रयोगशाळेत एक डुलतं टेबल बसवून दिलं. समुद्रावरचं जहाज जसं हलेल तसं ते उपग्रहावरून निरोप घेऊन इथं हलायचं. हर्षदानं लागलीच सोबतीचा डबा फळीवरून त्या टेबलावर आणला आणि त्यात एक छोटी सळईही खोचली. डब्यालाही जहाजासारखंच वागवायला हवं, असं तिला वाटलं.

तिचा नवरा उदय 'तिलारी' जहाजावर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. कणबंधावर त्याचा फार जीव. तरुणपणी त्याचं एक जहाज असंच माल पातळ होऊन बुडालं होतं. पण ते सहा तास कलत होतं आणि सगळे सुखरूप होडीत उतरले. चहासुद्धा पिऊन उतरलो, असं तो सांगायचा, आणि दर वेळी चहाबरोबर एक नवा पदार्थ वाढायचा. कणबंध आल्यापासून जहाज कलणं हा प्रकारच उरला नाही, हे त्याला अपूर्वाईचं वाटे.

त्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात 'तिलारी' आफ्रिकेच्या वाटेला लागलं. माल साडेबारा टक्के ओला होता. कागदावर हर्षदाची सही होती. जहाजावर उदय धरून बावीस माणसं होती. नैर्ऋत्येची लाट समोरून येत होती आणि जहाज नाकानं वर-खाली होत चाललं होतं. टेबलही पाच दिवस तसंच पुढे-मागे डुलत राहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास झाडलोट करणाऱ्या गुणाबाईनं टेबल पुसायला डबा उचलला आणि पुसून झाल्यावर परत ठेवला. हर्षदा हात धुऊन आली तेव्हा गुणाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती आणि मी कायसुदा केलंय नाय, असं पुटपुटत होती. डब्यातला माल पातळ झाला होता. पाच दिवस दगडासारखा घट्ट असलेला माल टेबलाच्या हेलकाव्यानं या काठावरून त्या काठाला हिंदकळत होता आणि बाहेर सांडत होता. सळई मात्र व्यवस्थित गुणगुणत होती.

हर्षदानं डब्याकडे पाहिलं. 'तिलारी'च्या चिठ्ठीचं तोंड दाराकडे नव्हतं, खिडकीकडे होतं. गुणाबाईनं डबा पाव वळसा फिरवून ठेवला होता. किती वेळ झाला असं विचारल्यावर गुणाबाई म्हणाली की ठेवला आणि ती केरसुणी घ्यायला वाकली, तेवढाच.

हर्षदाच्या लक्षात आलं. पाच दिवस एकाच बाजूनं धक्के खाऊन कणांनी सगळ्या साखळ्या त्याच बाजूला बांधल्या होत्या. जेवढा भार होता तेवढा पुढून मागे. आडव्या अंगाला कुणी कुणाला धरलेलंच नव्हतं, आणि कोंडलेलं पाणी तिथंच वाट बघत होतं. डबा फिरला, धक्का आडवा आला आणि सगळे टेकू एका दमात सुटले. पूर्वीचं जहाज सहा तास कलायचं. हे जहाज शेवटच्या क्षणापर्यंत ताठ उभं राहील आणि मग एका मिनिटात पालथं होईल. कणबंधानं बुडणं थांबवलं नव्हतं, फक्त बुडण्याआधी मिळणारी सूचना काढून घेतली होती.

भिंतीवरच्या पडद्यावर जहाजाचे निरोप येत. सकाळचा निरोप तिनं वाचलेला होता, आता पुन्हा वाचला. पुढे वादळ तयार झालं आहे, चार वाजता वायव्येला वळावं आणि वादळाची वाट सोडावी, असा कंपनीचा हुकूम होता. वायव्येला वळलं की नैर्ऋत्येची लाट जहाजाच्या कुशीवर येणार. पाच तास होते.

ती बंदराच्या कचेरीत सामंतांकडे गेली. सामंत हे केरोंड्यातले कंपनीचे सर्वात मोठे अधिकारी, माणूस सभ्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले की गुणाबाईनं डबा हलवला यावरून चाळीस हजार टनांचं जहाज वादळात घालायचं का, आणि तसं मी वर कळवलं तर ते मला काय म्हणतील. तुमचे यजमान जहाजावर आहेत, काळजी वाटणं साहजिक आहे, असंही ते म्हणाले. हर्षदा उठून प्रयोगशाळेत परत आली.

तिनं पाळंद्यांना फोन लावला. डब्याचं सगळं सांगितलं. नंतर त्यांनी विचारलं की डबा केवढा, सळई किती खोल, पाणी किती. डबा लहान आहे, लहान डब्यात भिंतीच कणांना धरतात, त्यावरून जहाजाचं अनुमान काढता येत नाही, असं ते सांगू लागले. ते खोटं बोलत नव्हते. हे शास्त्र तिलाही माहीत होतं.

"तुम्ही असा प्रयोग केला होता का, सर?" तिनं विचारलं. "पाच दिवस एका बाजूला, आणि मग आडवा?"

"दोन्ही बाजूंनी हलवून पाहिलं होतं. पण दर वेळी ताज्या मालावर. पाच दिवस थांबून..." पाळंदे थांबले. "नाही. तसा नाही केला."

मग वळू नका असं तुम्ही सांगाल का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, वळा असं मी सांगणार नाही. याच्यापुढे ते काही जाईनात.

खलाशांच्या घरच्यांना दुपारी बारानंतर दहा मिनिटं बोलायला मिळत. बारा वाजता उदयचा आवाज आला तेव्हा तो खुशीत होता. जेवायला कोलंबी होती. समुद्र खवळला आहे आणि तरी ताटातली आमटी सांडत नाही, हे तो कौतुकानं सांगत होता. हर्षदानं त्याला बोलू दिलं नाही. डब्याचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, आणि म्हणाली, "आयकतास मां? चार वाजता जहाज वळवूक देव नकात. नाक लाटेकच ठेवा. वादळ येवंदे."

"हर्षदा, जहाज आज जेवढां सरळ आसा तेवढां मी जन्मात बघूक नाय," उदय म्हणाला.

"तां सरळ आसा म्हणानच सांगतंय."

बावीस वर्षांच्या संसारात हर्षदानं त्याला घरातलं हजार वेळा शिकवलं होतं, पण समुद्रावरची एकही गोष्ट कधी सांगितली नव्हती. दर्यातलं तुमचं तुम्हाला, असं ती म्हणायची. आज पहिल्यांदाच सांगत होती. शास्त्र त्याला कितपत पटलं कोण जाणे, पण ही गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली.

"बरां," तो म्हणाला. "कॅप्टनाक सांगतंय. तू जेवलंस?"

ती जेवली नव्हती, पण हो म्हणाली. दहा मिनिटांतली दोन उरली होती. ती दोघांनी उदयच्या आईच्या गुडघ्यावर आणि गळक्या नळावर घालवली.

पुढे काय झालं ते हर्षदाला नंतर इरफान मुजावरनं सांगितलं. मुजावर मूळचा रत्नागिरीकडचा, 'तिलारी'वर कॅप्टनच्या हाताखालचा पहिला अधिकारी. उदय वर गेला आणि कॅप्टन मॅथ्यूंशी तासभर बोलला. मॅथ्यू मुरलेले दर्यावर्दी. वादळात नाक लाटेला देऊन उभं राहणं ही त्यांच्या लेखी काही नवी किंवा वेडी गोष्ट नव्हती. सारंगाचं पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. चार वाजले आणि जहाज वळलं नाही. कंपनीचे निरोप आले, मॅथ्यूंनी त्यांना समुद्र फार चढला आहे एवढंच उत्तर दिलं.

'तिलारी' दोन दिवस वादळात नाक खुपसून उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या फाळक्याच्या, म्हणजे मालाच्या खणाच्या तोंडावरच्या, झाकणाची एक कडी सुटली. लाट त्या फटीतून आत जाऊ लागली. उदय दोघांना घेऊन गेला. कडी बसवून झाली. परत येताना नाकावर आलेल्या लाटेनं तिघांनाही उचललं. दोघे कठड्याला अडकले. उदय नाही अडकला.

तिसऱ्या दिवशी समुद्र निवला. पाळंद्यांनी खबरदारी म्हणून कळवलेल्या पद्धतीनं मॅथ्यूंनी कणबंध दोन दिवस थोडा थोडा सैल करत बंद केला, पाणी उपसून काढलं आणि जहाज आफ्रिकेला पोचलं. माल शाबूत, जहाज शाबूत, बावीसपैकी एकवीस माणसं शाबूत. खणातला माल आता कुठल्याही बाजूनं कसाही हलवला तरी काही होणार नव्हतं. वादळात त्याची काय अवस्था होती हे सांगणारी कुठलीही खूण उरली नव्हती.

चौकशी झाली. समितीपुढे हर्षदा दोनदा उभी राहिली. अहवालात लिहिलं होतं की कणबंधानं निर्दोष काम केलं, जहाज एक अंशही कललं नाही. एका कर्मचारी महिलेनं अपुऱ्या पुराव्यावर खासगी फोन करून जहाजाच्या मार्गात ढवळाढवळ केली, ते टाळता येण्यासारख्या वादळात सापडलं आणि एक मृत्यू ओढवला. नाव लिहिलं नव्हतं, पण केरोंड्यात वाचणाऱ्याला त्याची गरज नव्हती. तिला नोकरीवरून काढलं नाही. पुन्हा कुठल्याही जहाजाशी संपर्क करणार नाही असं लिहून घेतलं आणि ट्रकांच्या वजनकाट्यावर बसवलं. प्रयोगशाळेत दुसरं माणूस आलं.

गावातल्या ज्या घरांत माणसं परत आली, त्यांतल्या चारजणी तिला भेटून गेल्या. बाकीच्या बाजारात दिसल्या की बोलायच्या, पण नजर चुकवून. त्यांचंही काय चुकलं? त्यांची माणसं एका मरणातून वाचली असं त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. दिसलं होतं ते वादळ, आणि त्यात जहाज कुणी घातलं तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी उदयची आई होती. म्हातारीनं कधी एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "हर्षदा, जहाज खरांच बुडलां असतां काय गो?"

हर्षदानं माका ठाऊक नाय असं उत्तर दिलं. तेच खरं होतं. गेलं वर्षभर ती पडवीत डबे लावत होती. पाळंद्यांनी गुपचूप एक सळई आणि एक जुनं टेबल पाठवून दिलं होतं, बहुतेक त्यांनाही झोप लागत नसावी. पाच दिवस एका बाजूला, सहाव्या दिवशी आडवा. अकरा वेळा केलं. चार वेळा माल पातळ झाला, सात वेळा नाही. डबा लहान आहे, असं पाळंदे म्हणत. मोठा डबा हवा असेल तर तो एकच होता, चाळीस हजार टनांचा, आणि त्यात माणसं होती.

माल पातळ झाला त्या दिवशी तिला वाटे आपण एकवीस जणांना वाचवलं. झाला नाही त्या दिवशी वाटे आपण नवऱ्याला मारलं. रविवारी एक, गुरुवारी दुसरं. असं कुणी किती दिवस जगावं?

तोवर कंपनीची जहाजं चालूच होती. वळणंही होत होती, पण समुद्र शांत असला तर कशानंही काही होत नाही. पाच दिवस समोरची लाट आणि मग एकदम मोठी आडवी लाट, हा योग पुन्हा जुळून यायचा होता.

दुसऱ्या जूनमध्ये 'कर्ली' सुटलं. कॅप्टन आता इरफान मुजावर. हर्षदा वजनकाट्याच्या खोलीत बसून ट्रकांना चिठ्ठ्या देत होती, पण हवामानाची बातमी ती रोज पाहत असे. पाचव्या दिवशी वादळाची खूण नकाशावर उमटली, नेमकी 'कर्ली'च्या पुढ्यात. आणि त्या क्षणी तिच्या मनात आलं, बुडू दे.

हे तिच्या मनात आलं. तिनं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बुडू दे, म्हणजे कळेल सगळ्यांना. म्हणजे अहवाल फाडतील. म्हणजे आईला उत्तर देता येईल. जहाजावर चोवीस माणसं होती हे तिला माहीत होतं आणि तरीही हे मनात आलं. तिला स्वतःची इतकी भीती वाटली की तिनं खोलीचं दार उघडं टाकलं आणि बाहेर ट्रकवाल्यांच्या गर्दीत जाऊन उभी राहिली. दुपारी सुट्टी टाकून घरी आली.

अडीच वाजता फोन आला. आवाजामागे वारा होता.

"वहिनी, मुजावर बोलतोय. कंपनीनं वळायला सांगितलंय. वायव्येला, मागच्यासारखंच. जहाज एकदम सरळ आहे. मी कुणाला सांगणार नाही तुम्हाला विचारलं म्हणून. काय करू?"

हर्षदा पडवीतल्या बाकावर बसली. कंपनी सांगते तसं करा, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. तिनं लिहूनच दिलं होतं, कुणी तिला दोष दिला नसता. तासाभरात निकाल लागला असता. जहाज वळून सुखरूप निघालं तर कळलं असतं की उदय फुकट गेला, आणि तो तिनं घालवला. जहाज बुडालं तर कळलं असतं की ती खरी होती. एक वर्ष ती या निकालासाठी तडफडली होती आणि आता तो एका वाक्याच्या अंतरावर होता. दोन्हींतलं कुठलं उत्तर आपल्याला हवं आहे, तेही तिला कळेना.

"वहिनी?"

"वळू नका," हर्षदा म्हणाली. "नाक लाटेलाच ठेवा. दोन दिवस, तीन दिवस, लागेल तितकं."

"ठीक आहे."

"आणि मुजावर, डेकवर कुणाला पाठवायचं नाही. कडी सुटली तर सुटू दे, झाकण गेलं तर जाऊ दे. बाहेर कुणीही जायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

मग मुजावर हो म्हणाला आणि फोन बंद झाला.

म्हातारी आतून उंबऱ्यापर्यंत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कुणाचा फोन म्हणून तिनं विचारलं नाही. हर्षदाच्या शेजारी बाकावर ती गुडघा धरून सावकाश बसली.

"आता कदीच कळाचां नाय, आई," हर्षदा म्हणाली आणि वर्षात पहिल्यांदा म्हातारीसमोर रडली.

म्हातारीनं तिला रडू दिलं. पदराच्या टोकानं स्वतःचे डोळे टिपले.

"नाय कळलां तर नाय कळलां," ती म्हणाली. "पोरां घराक येवंदेत."